बसच्या डाव्या अंगाला

बंगलोरहून परत आल्यापासून भेटेल तो पहिल्यांदा हवेचं विचारतो. हवा चांगली आहे. मे महिन्यात पंखा न लावता झोप लागते, दुपारी चार वाजता रस्त्यावर सावली असते, आणि गुलमोहराचा सडा झाडायला कुणाला घाई नसते. मग पुढचा प्रश्न येतो, "काय काय पाहिलंत?" इथे माझी अडचण होते. लालबाग पाहिली, नंदीचं देऊळ पाहिलं, विधानसौध बाहेरून पाहिलं. पण डोळ्यांपुढे राहिला आहे तो एका चौकातला फुटपाथाचा कोपरा, आणि तो काही पाहण्याच्या ठिकाणांत मोडत नाही.

मी सांगलीच्या एका शाळेत हिंदी शिकवतो आणि शाळेचं वाहतूक पथकही माझ्याकडे आहे. म्हणजे शाळा सुटताना गळ्यात शिट्टी अडकवून फाटकासमोर उभं राहायचं, रस्त्यावरची वाहनं हातानं थांबवायची, मुलांच्या सायकली पलीकडे गेल्या की वाहनं हातानं सोडायची. यंदा जूनपासून मी मुलांना सांगतो आहे की मोठं वाहन थांबलं असेल तर त्याच्या मागे थांबा, शेजारी जाऊ नका. मुलं म्हणतात, "सर, गेल्या वर्षी तर तुम्हीच म्हणायचात, कडेनं पुढे जा आणि फुटपाथला पाय लावून उभे राहा." त्यांचं बरोबर आहे. म्हणून हे लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर मला स्वतःला किती कळलेलं असेल, सांगवत नाही.

बसवनगुडी

माझी धाकटी बहीण मालती लग्न होऊन बंगलोरला गेली त्याला पंचवीस वर्षं होतील. तिच्या सासरची मंडळी मराठी, पण तिथे किती पिढ्या आहेत ते त्यांनाही नक्की माहीत नाही. घरात मराठी बोलतात, भांडतात कानडीत, आणि पाहुण्याशी दोन्ही मिळून बोलतात. मालूचे यजमान व्यंकटराव. त्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. नुकतेच निवृत्त झालेले, अंगानं सडपातळ, कपाळावर गंधाची बारीक रेघ, आणि पँटच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप. ती क्लिप ते घरातही काढायला विसरत.

"दादा, स्वल्प उप्पीट घे की आणखी," मालू म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. सांगलीत वाढलेली माझी बहीण 'थोडं' म्हणायचं विसरली होती. उप्पिटात मात्र साखर नव्हती, हे माझ्या लगेच लक्षात आलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी करू नये ते मी नेहमी करतो.

बसवनगुडीतल्या त्यांच्या घरात सायकली दोन. एक अण्णांची, एक त्यांच्या मुलाची. मुलगा नोकरीला हुबळीला असतो. संध्याकाळी आम्ही दोघं सायकलींवरून गांधी बाजारला निघालो. मी तीस वर्षं सायकल चालवणारा माणूस, मला शहर पायाखाली घालण्यापेक्षा चाकाखाली घालायला आवडतं. रस्ते रुंद, कडेला मोठी झाडं, चौकाला तिथे सर्कल म्हणतात आणि प्रत्येक सर्कलला कुणाचं तरी नाव. पांढऱ्या शर्टाचा आणि एका बाजूनं कड दुमडलेल्या पांढऱ्या हॅटचा पोलिस उभा. मला ती हॅट फार आवडली. आमच्या पथकाच्या मुलांना तशी टोपी शिवावी असं मी मनात ठरवलंसुद्धा.

पहिल्याच सर्कलला लाल दिवा लागला. पुढे एक बस उभी होती. मी सवयीनं बसच्या डाव्या बाजूनं, ती आणि फुटपाथ यांच्यामधल्या फटीतून पुढे सरकलो आणि पांढऱ्या पट्ट्यापाशी फुटपाथाच्या दगडावर डावा पाय टेकून उभा राहिलो. वळून पाहतो तर अण्णा नाहीत. ते मागे, बसच्याही मागे, सायकलवरून उतरून धुरात खोकत उभे होते. दिवा हिरवा झाला, बस गेली, तेव्हा कुठे ते सायकल हातात धरून चालत पुढे आले.

"काय झालं? चेन पडली?"

"चेन कशानं पडतीय? बस होती की पुढं."

"बस थांबलेली होती, अण्णा."

"थांबलेलीच चालू लागते, मास्तर."

"म्हणून धूर खात उभं राहायचं?"

"भीती वाटते बा. दुसरं काय नाही."

पुढच्या सर्कललाही तेच. एका ठिकाणी मागे लॉरी होती, तर ते सायकलसकट फुटपाथवर चढून गेले आणि एका फुलवालीच्या टोपलीला त्यांचं चाक लागलं. फुलवाली कानडीत जे बोलली ते मला कळलं नाही, पण अण्णा मान खाली घालून हसत होते.

गांधी बाजारात एका हॉटेलात डोसा खाल्ला. सांबार वाटीत नव्हे, बादलीतून. कॉफी मागवताना अण्णा वेटरला म्हणाले, "बाय टू." एकच कॉफी दोन पेल्यांत आली. मला वाटलं, मेहुणे जरा हात आखडून खर्च करणारे दिसतात. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिथे मोटारीतून उतरलेले लोकही बाय टूच मागवतात, ती तिथली रीतच आहे. इतक्या चुकीच्या अंदाजानंतर तरी माणसानं गप्प बसावं.

मी बसलो नाही. रात्री जेवताना मालूसमोर अण्णांची नक्कल केली. बस दिसताच उतरायचं, खोकायचं, सायकलला हाताशी धरून चालायचं. म्हणालो, "अण्णा, तुम्ही सायकल चालवत नाही, तिला फिरायला नेता." मालू तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. अण्णाही हसले. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, असं म्हणाले आणि दहीभात कालवू लागले.

शिकवणी

मी मास्तर आहे. मला कुणी चुकीचं करताना दिसलं की हात शिवशिवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांना घरामागच्या गल्लीत नेलं आणि आमच्या पथकातल्या मुलांना शिकवतो तसं शिकवलं. सिग्नलला मागे राहायचं नाही, कारण दिवा हिरवा झाला की सगळे एकदम सुटतात आणि सायकल त्यांच्यात सापडते. म्हणून आधीच डावी कड धरून सगळ्यांच्या पुढे जायचं. उतरायचं नाही. डावा पाय फुटपाथाच्या दगडावर, उजवं पॅडल वर घेऊन ठेवायचं, दिवा बदलला की एका दाबात पुढे. कड म्हणजे सुरक्षित. मी हे वाक्य किती वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे.

अण्णा चांगले विद्यार्थी निघाले. दगडाला पाय लावून उभं राहणं त्यांना आवडलं. "असं उभारलं की जरा ऐट वाटते बघा," म्हणाले. लहान चौकांत दोन दिवस सराव केला. तिसऱ्या दिवशी एका रिक्षेच्या आणि टेम्पोच्या कडेनं पुढे जाऊन ते माझ्या आधी पट्ट्यापाशी पोचले आणि माझी वाट पाहत दगडावर पाय टेकून उभे राहिले. मला फार समाधान वाटलं. मालूला म्हटलं, "बघ, तुझ्या नवऱ्याची भीती घालवली."

इथे एक गोष्ट लिहिली पाहिजे, कारण तिनं मला अजून झोप येऊ दिलेली नाही. आमच्याकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याला जातात. वळणावर ट्रॅक्टर बाहेरून जातो, पण मागची ट्रॉली आत कापत येते, अगदी कडेला घासून. हे मला माहीत आहे. मुलांना मी दर हिवाळ्यात सांगतो, "ट्रॅक्टर वळताना त्याच्या आतल्या अंगाला राहू नका." आणि त्याच मुलांना त्याच तोंडानं सांगतो, चौकात कडेनं पुढे जा. लांब बसचं मागचं चाकही ट्रॉलीसारखंच आत येतं, एवढं साधं माझ्या डोक्यात कधी का आलं नाही? ट्रॉली वेगळी जोडलेली दिसते, बस अखंड दिसते, म्हणून? मला खरंच कळत नाही.

सर्कल

मल्लेश्वरमला अण्णांच्या मोठ्या बहिणीकडे जेवायचं ठरलं होतं. मालू म्हणाली बसनं जाऊ. मी म्हटलं, तू बसनं ये, आम्ही दोघं सायकलींवर येतो. शहराचं एक टोक ते दुसरं टोक, अण्णा इतक्या लांब कधी सायकलवर गेले नव्हते. ते खूश होते. वाटेत त्यांनी मला नारळपाणी पाजलं आणि शहाळंवाल्याला सांगितलं की हे माझ्या बायकोचे भाऊ, सांगलीहून आलेत, सायकल शिकवतात.

मध्यावरच्या एका मोठ्या सर्कलला लाल दिवा लागला. डाव्या कडेला एक लांब बस उभी होती, कुठल्यातरी कारखान्याची कामगारांची बस. तिच्या डाव्या अंगाला सायकलपुरती फट होती. मी त्यातून पुढे गेलो आणि बसच्या नाकासमोर दगडावर पाय टेकला. अण्णा माझ्यामागून येत होते. ते बसच्या मधोमध पोचले असतील तोवर दिवा बदलला.

आम्हाला सरळ जायचं होतं. बसला डावीकडे वळायचं होतं. तिचा दिवा लुकलुकत होता की नाही, मी पाहिलं नाही, मी तिच्यापुढे होतो. मी निघालो. ड्रायव्हरनं मला पाहिलं आणि बस थांबवून धरली, एवढं मला कळलं. मी तिच्यासमोरून पुढे गेलो. आणि मग बस वळली.

आधी पत्र्याचा आवाज आला. मग लोकांचा. मी वळलो तेव्हा अण्णांच्या सायकलचं मागचं चाक बसखाली होतं आणि अण्णा फुटपाथाच्या कोपऱ्यावर आडवे. बसच्या मागच्या चाकानं सायकल ओढून घेतली होती आणि त्यांचा डावा पाय दगड आणि चाक यांच्यामध्ये सापडला होता. तोच पाय, जो टेकायला मी शिकवलं होतं. ते ओरडत नव्हते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, चप्पल कुठं गेली बघा."

लोकांनी ड्रायव्हरला खाली ओढलं. माझ्याच वयाचा माणूस, खाकी शर्ट, हात जोडलेले. कुणीतरी त्याच्या थोबाडीत मारली. तो सारखा माझ्याकडे बोट दाखवत कानडीत काहीतरी सांगत होता. मला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायला वेळही नव्हता. एका रिक्षावाल्यानं अण्णांना उचललं, मी त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि आम्ही दवाखान्यात गेलो.

ठाणं

अण्णांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली आणि पावलाचं हाड मोडलं होतं. पाऊल वाचलं. मालू आली तेव्हा तिच्या हातात मल्लेश्वरमहून आणलेला डबा होता. तो तिनं बाकावर ठेवला, आत जाऊन नवऱ्याला पाहून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बिडबारदू, दादा. त्या ड्रायव्हरला सोडायचं नाही. तू होतास तिथं, तू सगळं बघितलंस. पोलिसांना सांग."

मी मान हलवली. काय सांगायचं ते मात्र मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यावर गेलो. ड्रायव्हर बाकावर बसला होता, ओठ सुजलेला. नाव नंजुंडप्पा. फौजदार तरुण होता, माझ्याशी हिंदीत बोलला. म्हणाला, "ये बोलता है, एक सायकलवाला आगे था, उसको जाने दिया. फिर वो सायकलवाले ने हाथ किया, आ जाओ बोलके. तो ये घूम गया. वो सायकलवाला आप थे?"

"मी होतो," मी हिंदीत म्हणालो.

"आपने हाथ किया था?"

मला आठवेना. त्या क्षणाचं सगळं आठवत होतं. समोरच्या भिंतीवरची साबणाची जाहिरात, पॅडलचा करकर आवाज, उन्हानं मिटलेले डोळे. हात आठवत नव्हता.

नंजुंडप्पा उठला. "साब, सच बोलिये. आप ऐसा किये." आणि त्यानं उजवा हात खांद्याइतका वर करून कोपरातून आत ओढला, तळवा स्वतःकडे. वाहनं सोडताना शाळेच्या फाटकासमोर मी करतो तो हात होता, अगदी हुबेहूब. हा माणूस तो कुठून शिकला असता?

पण मग वाटलं, असा हात कोण करत नाही? ट्रक मागे घेताना क्लीनर करतात, पोलिस करतात. तो ड्रायव्हर आहे, त्यानं असे हात जन्मभर पाहिले असतील. सुटण्यासाठी बोलतही असेल. त्यानं हेही सांगितलं की त्याचा क्लीनर त्या दिवशी आला नव्हता. क्लीनर असता तर दारातून वाकून त्यानं डावी बाजू पाहिली असती आणि पत्रा बडवला असता. उजवीकडच्या खुर्चीत बसणाऱ्याला डावीकडची फट दिसत नाही.

फौजदार कंटाळला. "सर, हाँ या ना. किया या नहीं किया?"

"किया होगा," मी म्हणालो.

"होगा क्या होता है? आपका ही हाथ है ना?"

हवालदार हसला. मी माझ्या हाताकडे पाहिलं. 'ना' म्हटलं तर त्या माणसाचा परवाना जाणार, कदाचित नोकरी. 'हो' म्हटलं तर मालूला काय तोंड दाखवायचं? आणि दोन्हीतलं खरं काय, ते ज्याला माहीत असायला हवं त्यालाच माहीत नव्हतं.

"हाँ," मी म्हणालो. "किया." आणि मग बांध फुटल्यासारखं सगळंच सांगितलं. त्या फटीतून जायला मीच शिकवलं, दगडाला पाय टेकायला मीच शिकवलं, त्यांची चेष्टाही मीच केली. फौजदारानं पेन खाली ठेवलं. "सर, आपने धक्का दिया? नहीं. गाड़ी चलाई? नहीं. तो ये सब मैं कहाँ लिखूँ?" त्यानं फक्त हाताचं लिहून घेतलं.

नंजुंडप्पाला संध्याकाळी जामिनावर सोडलं. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही. मी तोवर तिथेच होतो, ठाण्याबाहेर तो माझ्याजवळ आला. मला वाटलं आभार मानेल, नाहीतर शिव्या देईल. त्यानं दोन्ही केलं नाही. शांतपणे विचारलं, "साब, पीछे आपका आदमी था बोलके आपको मालूम था ना? फिर हाथ क्यों किये?"

एवढं विचारून तो बसस्टॉपकडे निघून गेला.

कोपरा

त्यानंतरच्या सकाळी दवाखान्यात जाण्याआधी मी त्या सर्कलला गेलो आणि पलीकडे एका टपरीपाशी उभा राहिलो. कॉफी घेतली. एकटाच होतो तरी तोंडातून "बाय टू" गेलं, आणि टपरीवाला दुसरा माणूस शोधू लागला.

बसेस येत होत्या, डावीकडे वळत होत्या. पुढचं चाक चौकात पार आत जाऊन वळायचं, आणि मागचं चाक आपल्याला त्याच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखं आतून, सरळ कोपरा कापत यायचं. एका बसचं चाक तर फुटपाथावर चढून उतरलं. कोपऱ्यावरचा दगड झिजून गोल झाला होता, त्याच्या अंगावर टायरचे काळे पट्टे होते, वरचा एक टवका उडालेला. जुना होता तो. म्हणजे कितीतरी चाकं रोज तिथून जात असणार. असल्याच एका दगडावर पाय टेकून मी ऐटीत उभं राहायला शिकवत होतो, आणि दगड दिवसाढवळ्या दाखवत होता की इथे काय होतं.

मग सायकलवाले पाहत राहिलो. कुणी अण्णांसारखे मागे थांबत होते, कुणी माझ्यासारखे पुढे घुसत होते. घुसणारे बहुतेक सुखरूप जात होते. हेच मला सगळ्यात गोंधळात टाकतं. मी तीस वर्षं तसाच गेलो आणि मला काही झालं नाही. म्हणजे माझा नियम बरोबर होता, की रोज कुणीतरी ड्रायव्हर माझ्यासाठी बस थांबवून धरत होता आणि मी ते माझं कौशल्य समजत होतो? अण्णांना नियम माहीत नव्हता, नुसती भीती वाटत होती. आणि बरोबर ते होते.

दवाखान्यात अण्णांना हे सगळं सांगितलं, हातासकट. त्यांनी ऐकून घेतलं.

"मास्तर, मला काय कुणी बांधून नेलं होतं? तुम्ही शिकवलं, मी शिकलो."

"पण तुम्हाला भीती वाटत होती."

"वाटत होती की. मग तुम्ही आलात आणि वाटायची थांबली." ते छताकडे पाहून हसले. "खरं सांगू काय? पुढं जाऊन उभारायला मजा आली. इतकी वर्षं धूर खाल्ला. एवढंच, मालूला सांगू नका. ती ड्रायव्हरवर रागावलीय ते बरं आहे. राग कुठंतरी असायला पाहिजे बा तिचा."

मालू

मी सांगितलं. अण्णांनी नको म्हटलं असूनही. निघायच्या आदल्या दिवशी, ती स्वयंपाकघरात कॉफीचं डिकाशन गाळत असताना. ठाण्यावर मी ड्रायव्हरच्या बाजूनं बोलून आलो, माझ्या हातामुळे तो वळला असं लिहून दिलं, असं सांगितलं.

तिनं भांडं खाली ठेवलं नाही. "तू खरंच हात केला होतास?"

"माहीत नाही, मालू."

"माहीत नाही आणि हो म्हणालास?"

"ना म्हणता येईना."

"माझा नवरा पडलाय तिथं, दादा. आणि तू ज्याला सोडलंस त्याचं नाव तरी धड येतं काय तुला?"

"नंजुंडप्पा."

तिनं मला कॉफी दिली, स्वतः घेतली नाही. त्या दिवशी ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली आणि तेही कानडी मिसळून, म्हणजे परक्याशी बोलावं तसं.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी दुपारची होती. मालू म्हणाली, दवाखान्यात त्यांना भेटून जा, मी सोबत येते. रिक्षानं आम्हाला रस्त्याच्या अलीकडे सोडलं. दवाखाना पलीकडे. माझ्या डाव्या हातात बॅग, मालूच्या हातात अण्णांसाठी पेज. दोन्हीकडून वाहनं. एका बसवाल्यानं आम्हाला पाहून बस थांबवली. आम्ही तिच्यासमोरून पुढे गेलो, आणि मालू एकदम थांबली.

"दादा."

"काय?"

"हात बघ तुझा."

माझा उजवा हात खांद्याइतका वर होता, कोपरातून आत आलेला, तळवा माझ्याकडे. बस निघाली होती. तो कधी वर गेला, मला ठाऊक नव्हतं. मी त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहत राहिलो. ठाण्यात म्हटलेलं 'हाँ' खरं होतं, एवढं तरी आता कळलं. पण सुटल्यासारखं वाटलं नाही. इतके दिवस निदान शंका तरी होती.

मालूच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता ती मला तिथेच सोडून पुढे निघून जाईल. ती म्हणाली, "त्या रात्री जेवताना मी पण हसले होते, दादा. सगळ्यात जास्त मीच हसले होते."

मग तिनं पेजेचा डबा दुसऱ्या हातात घेतला आणि माझं मनगट धरलं. घट्ट, दुखेल इतकं. रस्त्याचा दुसरा अर्धा भाग अजून बाकी होता. एक लॉरी येत होती, तिनं ती जाऊ दिली. आणखी एक बस जाऊ दिली. लहानपणी शाळेत जाताना मी तिला असंच धरून न्यायचो. आता तिनं मला धरलं होतं ते मायेनं, की हा हात पुन्हा वर जाऊ नये म्हणून, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. फुटपाथ लागेपर्यंत तिनं तो सोडला नाही.